समोरच्या दगडावरचं काम

आमच्या भागात मला कडे चढणारा म्हातारा म्हणतेत. त्यात काय खरं न्हाय. म्या आयुष्यभर कड्याच्या समोर बसलोय.

येडशीच्या पुढं रामलिंगाकडं गेलात तर कळंल. वरनं सगळं सपाट रान, ज्वारी, बांधाला बोरी. इथं डोंगर हाय असं कुणाला वाटायचं बी न्हाय. आन् एकाएकी जमीन संपती. खाली दरी, दरीत देऊळ, दोन्ही अंगाला कडे. शेळीची जात अशी हाय, की वर रानभर पाला असला तरी तिला कड्याच्या मधल्या कपारीतलाच पायजे. उडी मारून खाली जाती, पोटभर खाती, आन् मग वर बघून वरडती. तिला आणायला माणूस लागतो. आमच्या टायमाला ते माणूस म्हणजे आमी तिघं.

तिघंबी शेळ्यांमागं वाढलो. शाळंत म्या एकदाच गेल्तो, मास्तरची शेळी हुडकायला.

तिघांची तीन कामं. एकजण अनवाणी पायानं, कमरंला दोर बांधून खाली उतरायचा. दुसरा वर बसायचा, दोर पाठीमागनं घेऊन, टाचा दगडाला लावून. आन् तिसरा दरीच्या पलीकडं, बरोबर समोर, एका दगडावर बसायचा. कड्यावरच्या माणसाचं तोंड कड्याला असतंय, त्याला पायाखालचं काय दिसत न्हाय. समोरच्यानं बघून सांगायचं, पाय कुठं ठेव. ह्यो तिसरा म्या.

पहिल्यांदा उतरायला मलाच सोडलं व्हतं, का की म्या सगळ्यात हलका. हातभर खाली गेलो आन् डोळे मिटले. वरनं आवाज आला, "पोचलास का?" म्या म्हणलं, "पोचलो." कुठं ते मलाबी ठाव न्हवतं. त्यांनी निवांत भाकरी खाल्ली. परत येऊन वाकून बघितलं तर म्या तिथंच, हातभर खाली. त्या दिवशी ठरलं. म्हणले, तुझं हातपाय चालत न्हाईत, तोंड चालतंय, तू समोर बस.

मला उजवं-डावं कधी जमलं न्हाय. जेवायला बसलो की कळतंय, उठलो की जातंय. म्हणून आमी देवाकडचा पाय आन् टेशनाकडचा पाय म्हणायचो. एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला येडशीचं टेशन. "देवाकडचा पाय इतभर खाली. आजून. बास. आता टेशनाकडचा." असं सांगत सांगत कितीतरी शेळ्या वर आल्या. कधी एक बी माणूस पडला न्हाय. ते माझ्यामुळं का माझं न ऐकल्यामुळं, ते आमी कधी बोललो न्हाय.

दोर धरणारा म्हणजे मामू. गाद्या भरायचा धंदा, अंगानं जाड, बसला की हलत न्हाय. दोराचं टोक झाडाला बांध म्हणलं तर म्हणायचा, "झाडाला काय कळतंय बे? मला कळतंय." उतरणारा पुढं माझा दाजी झाला, माझ्या धाकट्या बहिणीसंगं त्याचं लगीन लागलं. तवापासनं घरी "दाजी, बसा, पाणी घ्या," आन् कड्यावर गेलो की "तू" आन् "लेका." लग्नानंतर एकदा चुकून कड्यावर म्हणलो, "दाजी, देवाकडचा पाय जरा खाली घेता का?" मामू वरनं वरडला, "लेका, पाय सांगायलास का पाव्हण्याला पाटावर बसवायलास?"

मागं शहरातली पोरं आल्ती, रंगीत दोर, डोक्यावर टणक टोप्या. कुणीतरी त्यांला सांगितलं, ह्यो म्हातारा जुना कडे चढणारा. एकानं इचारलं, "बाबा, किती कडे चढलात?" म्या म्हणलं, "एक बी न्हाय." ते एकमेकांकडं बघून म्हणले, किती साधा माणूस हाय. माझ्यासंगं फोटू काढला. दाजी बाजूलाच उभा व्हता. त्याला म्हणले, "आजोबा, तुम्ही जरा सरका."

आता तिघंबी म्हातारे झालो. दाजीचे कान गेले. मामूचे गुडघे गेले, त्यो अजून बसतोय चांगला, पण उठवायला दोन माणसं लागतेत. आन् माझे डोळे गेले.

डोळ्याचं मातर कुणाला ठाव न्हवतं. मोतीबिंदूच्या कॅम्पाला म्या गेल्तो. रांगंत माझ्या पुढचा माणूस आत गेला आन् लई येळ झाला तरी भाईर आला न्हाय. म्या घरी आलो. नंतर कळलं त्यो दुसऱ्या दारानं गेल्ता. घरी सांगितलं, डॉक्टर म्हणले काय बी झालं न्हाय. दाजीला आन् मामूला बी तेच सांगितलं. टेशनाजवळच्या लिंबाखाली आमी रोज चहाला बसतो, तिथं काय लांबचं बघावं लागत न्हाय. गाडी आली की आवाजावरनं कळती. येणारा माणूस राम राम म्हणतोच, मग त्यो कोण ते कळतंय. असं चाललं व्हतं.

आमचं बोलणं लांबनं ऐकणाऱ्याला भांडण वाटतंय, दाजीसाठी वरडावं लागतंय म्हणून. त्या दिवशी बी म्या "साखर कमी हाय!" म्हणून वरडत व्हतो, तवर वस्तीवरची एक बाई पळत आली. पदर खोचलेला, दम लागलेला.

"आबा, माझी शेळी कड्यावर अडकली. गाभण हाय वो. वनखात्याला फोन लावला, माणसं यायला सकाळ व्हईल म्हणले. रातीत काय ऱ्हाणार हाय का ती? वाघ आलाय म्हणतेत."

म्या म्हणलं, "बाई, आता आमचं वय झालंय."

मामू म्हणला, "वय झालंय ते बरोबर. पण गाभण हाय म्हणती."

दाजीनं काय ऐकलं न्हवतं. पण बाईचा हात कड्याकडं गेल्याला त्यानं बघितला. चहाचा कप ठिवला, चपला काढल्या आन् उभा ऱ्हायला.

म्या त्याच्या चपला परत त्याच्या पायापुढं सरकवल्या. का की बहिणीनं मला बजावलं व्हतं, "दादा, ह्यांला परत कड्यावर न्हेलास तर मी तुझं तोंड बघणार न्हाय." ती बोलती तसं करती. आमच्या एका चुलत्याचं तोंड तिनं त्यो मरंपर्यंत बघितलं न्हाय.

म्या दाजीच्या कानाजवळ वरडलो, "तुला ऐकू येत न्हाय! म्या समोरनं सांगितल्यालं कळंल कसं?"

त्यो म्हणला, "काय?"

"हेच म्हणायलोय!"

मग मामूनं तोड काढली. म्या समोरनं मामूला सांगायचं, आन् मामूनं दोराला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे देवाकडचा पाय, दोन म्हणजे टेशनाकडचा. लांब वढला तर वर चल. दाजीच्या कमरंला दोर बांधून तिथंच करून दावलं. त्याला लगीच कळलं. खूश झाला. म्हणला, "हे लई बरं हाय, तुझी बडबड तरी ऐकावी लागणार न्हाय."

त्या टायमाला सांगायला पायजे व्हतं, की मला दिसत न्हाय. तोंड उघडलं बी. पण मग समोरच्या दगडावर दुसरं कुणीतरी बसणार, आन् म्या नुसता शेळीवालीसंगं उभा ऱ्हाणार. म्या म्हणलं, "दाजी, डोक्याला तांबडी टापशी तेवढी ऱ्हाऊ दे. उन्हाचं मला उठून दिसती."

कड्यावर गेलो. मामूला बसवला. बाई त्याच्याजवळ थांबली. म्या दरीच्या तोंडाकडनं वळसा घालून पलीकडं गेलो, हातानं चाचपून आपला दगड हुडकला आन् बसलो. समोर सगळं पिवळं-काळं, दुधात कालवल्यावानी. पण वाटलं, टापशी दिसंल.

दाजीला सोडलं. जरा येळानं कपारीशेजारी मला तांबडं दिसलं. हलत व्हतं. म्या ताठ झालो.

"मामू! देवाकडचा पाय वर!"

मामूनं एक हिसका दिला. तांबडं वर सरकलं.

"शाब्बास! आता टेशनाकडचा!"

दोन हिसके. तांबडं लगीच सरकलं. म्या तुम्हाला सांगतो, माझ्या उभ्या जन्मात दाजीनं माझं इतकं नीट ऐकलं न्हवतं. जिथं म्हणंल तिथं पाय. एकदा तर म्या सांगायच्या आधीच सरकला. म्या मनात म्हणलं, वय झालं तरी अंगात काय हाय बगा. एका जाग्याला तर उडीच मारली. म्या दगडावर उभा ऱ्हाऊन टाळ्या वाजवल्या. "आला! मामू, धर त्याला! वर आला!"

तांबडं वर पोचलं आन् बें करून वरडलं.

पलीकडनं बाईचा आवाज आला, "आली गं माझी लक्ष्मी!"

त्याच्यामागनं मामूचा, "कोण आलं बे? दोर तर तसाच खाली हाय!"

म्या परत बसलो.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. शेळी बी तांबडीच व्हती. दोर कमरंला काचू नये म्हणून दाजीनं टापशी सोडून दोराखाली गुंडाळली व्हती. उतरून त्यो कपारीच्या खालच्या अंगाला पोचला, तवर माझे हुकूम चालू झाले. हिसका बसला की त्यो पाय उचलायचा. त्याला ठाव व्हतं तिथं पाय ठेवायला जागा न्हाय. लहानपणापासनं त्यो कडा त्याच्या पायाला पाठ. पण समोर म्या बसलोय ना. म्हणून पाय उचलायचा, चाचपायचा, काय लागायचं न्हाय, परत ठेवायचा, तवर दुसरा हिसका. असं करत त्यो अशा जाग्याला गेला की जिथनं खाली बी जाता येईना आन् वर बी. एक पाय टेकलेला, दुसरा हवंत. दुसऱ्या पायाला म्या शेवटी काय सांगितलं व्हतं कुणाला ठाव. दाजी त्यो पाय तसाच धरून उभा व्हता, पुढच्या हिसक्याची वाट बघत.

आता त्याचा आवाज आला. जुन्या दाराच्या बिजागरीवानी. "आरं, पुढं काय? पाय थरथरायलाय!"

त्याला सांगणार कसं, की मला काय दिसत न्हाय? वरडून उपेग न्हाय. मामूला सांगितलं, "मामू, मला दिसंना!"

"ऊन आलं का डोळ्यावर?"

"ऊन न्हाय. डोळंच न्हाय!"

मामूनं उर्दूत काय काय म्हणलं, ते हितं सांगण्यासारखं न्हाय. शेवटी म्हणला, "इकडं ये. दाजीला म्या धरलाय. पण माझा गुडघा सरकायलाय."

म्या पळालो. म्हंजे माझ्या मनानं. बघणाऱ्याला चालल्यासारखंच दिसलं असंल. सगळ्या वाटंनं बहिणीचं कुकू डोळ्यासमोर. तेवढं मातर नीट दिसत व्हतं. दरीच्या तोंडाशी समोरनं कुणीतरी पळत आलं. बाई व्हती. शेळी झाडाला बांधून निघाली व्हती.

"आबा, म्या बसते समोर. देवाकडं म्हणजे कुठल्या अंगाला वो?"

"देवळाचं शिखर हाय ती बाजू."

"आन् तुमाला शिखर दिसतंय?"

"कुठं हाय ते ठाव हाय."

ती पळाली. तिच्या पळण्यातच कळलं तिला काय म्हणायचं व्हतं.

म्या वर पोचलो तर मामू घामानं निथळत व्हता. एक टाच दगडाला, दुसरी मातीत रेघ मारत पुढं चालल्याली. म्या त्याच्या मागं बसलो, त्याच्या कमरंला मिठी मारली आन् पाय पसरून दगडाला लावले. माझ्या मिठीत मामूची कंबर निम्मीच आली.

पलीकडनं बाईचा आवाज आला. बारीक, पण सुई टोचल्यावानी. "मामू, देवाकडचा! वर, गुडघ्याइतका! हां. थांबा, थांबा. टेशनाकडचा न्हाय, परत देवाकडचाच!"

मामू हिसके देत व्हता. दोर हळूहळू ढिला व्हायला लागला. म्हंजे दाजी वर यायला लागला. मला जे कळत व्हतं ते फकस्त मामूच्या पाठीवरनं. पाठ ताठली की दाजीनं पाय उचलला, सैल झाली की ठेवला. म्या मामूच्या सदऱ्यात तोंड खुपसून बसलो. सदऱ्याला कापसाचा वास येत व्हता.

"आता काठाला हात लागायला आला की!" बाई वरडली.

आन् तिथंच दाजीचा पाय निसटला.

दोर एकदम ताणला. मामू "या अल्ला" म्हणला आन् बसल्या बसल्या कड्याकडं घसरला. संगं म्या बी. लोकं आता सांगतेत, की म्या मामूला धरून ठेवला, म्हणून दोघं वाचले. म्या तुम्हाला खरं सांगतो. म्या सोडूनच देणार व्हतो. हात सुटायच्या बेतात व्हते. पण घसरताना माझा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आन् घोट्यापर्यंत गच्च बसला. मला पुढं जाताच येईना. मामू माझ्यामुळं अडला, दाजी मामूमुळं, आन् म्या फटीमुळं. तेवढ्यात दाजीच्या बोटांना कड्याचा काठ लागला. पहिल्यांदा एक हात आला, मग डोकं, मग ते बिनमासाचं अंग. गुडघे सोललेले. वर आला आन् पालथा पडून ऱ्हायला.

शेळी झाडाखाली पाला खात व्हती.

बाई वळसा घालून आली. आमच्या तिघांच्या पायाला हात लावायला लागली. माझ्या पायाला लावायला आली तर त्यो फटीत. म्हणली, "ह्यांचा वढू का?" दाजी उठून बसला व्हता. त्यानं हातानं न्हाय म्हणून खुणावलं. "तू जा. अंधाराच्या आत शेळी घरी पोचली पायजे." ती गेली. जाताना शेळीला बोलत चालली व्हती, तिला शिव्या देत का कौतुक करत, ते कळलं न्हाय.

दाजीनं पाणी पिलं. शेळीच्या वाटंकडं बघितलं, समोरच्या मोकळ्या दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"समोर ती बसल्ती?"

म्या मान हलवली.

"मग त्याच्या आधी?"

म्या माझ्याकडं बोट केलं. मग शेळी गेल्या वाटंकडं बोट केलं. मग डोळ्याकडं. मामूनं मधी पडून सगळं हाताच्या खुणांनी नीट समजावलं, शेळी कशी चालली, म्या कशा टाळ्या वाजवल्या, ते बी. दावताना त्याला हसू आवरंना, पण उठता येत न्हवतं, म्हणून त्यो बसल्या जागीच हालत व्हता.

दाजी हसला न्हाय. माझ्या पायापशी येऊन बसला, फटीत बोटं घालून बघितलं. मला वाटलं आता काढंल. काढला न्हाय.

"कवापासनं दिसंना?"

म्या वरडलो, "तुला ऐकू येईना तवापासनं!"

"काय?"

मामू परत हालायला लागला.

"डोळ्याचं कर," दाजी म्हणला. "ऐकायलास का? मला दुसऱ्या कुणाचं सांगितल्यालं आता पटत न्हाय. आज त्या बाईचं ऐकून वर आलो, पण हिसक्यात मला कळत व्हतं, ह्यो तू न्हाईस. तू असा घाईनं सांगत न्हाईस. म्या आजून उतरणार हाय. समोर तू पायजेस. डोळ्याचं करतो म्हण, मग पाय काढतो."

"करतो!"

"काय?"

"करतो, करतो!" दरीतनं माझाच आवाज परत आला. त्यो बी त्याला ऐकू गेला न्हाय. म्या मान हलवली.

"मान तू मघाशी बी हलवलीस. कॅम्पाचं इचारलं तवा बी हलवलीस."

मामू म्हणला, "अरे दाजी, सोड की, सांज झाली." ते बी त्यानं ऐकलं न्हाय.

माझा घोटा सुजायला लागला व्हता. घरी बहीण वाट बघत असंल. दाजीचे सोललेले गुडघे बघून ती माझं तोंड बघणं बंद करणार व्हती, आन् मला बी तिचं नीट दिसत न्हवतं, म्हंजे ते तसं बरोबरीत सुटलं असतं. पण दाजी बसून ऱ्हायला. मग त्यानं आपला हात, खरचटल्याला, मातीनं भरल्याला, माझ्या गळ्यावर ठिवला. दाबला न्हाय, नुसता ठिवला. शपथ घेताना आपण आपल्याच गळ्याला हात लावतो, तसा त्यानं माझ्या गळ्याला लावला.

"आता बोल," म्हणला.

म्या बोललो. बोललेलं त्याच्या हाताला लागत व्हतं. काय बोललो ते त्याला कळायचा काय संबंध न्हाय. शिवी दिली असती तरी गळा तेवढाच हलला असता. पण त्यो डोळे मिटून, मान वाकडी करून, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकत बसला व्हता, म्हणून म्या खरंच डोळ्याचं बोललो.

मग त्यानं पाय काढला.